शिशावर नखाची खूण

लिओटा क्लेक्नरच्या घरात दोन पळ्या होत्या. एक सूपची, एक शिशाची. शिशाची पळी पडवीत खिळ्याला उलटी टांगलेली असे. तिला कुणी चुकून हात लावला तर लिओटा रागवायची नाही, पण तो हात आपल्यादेखत साबणाने दोनदा धुवायला लावायची. मी तिच्या समोरच्या घरात सव्वीस वर्षं राहते. माझाही हात एकदा धुवून झालेला आहे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पेन्सिल्वेनियाच्या डोंगरात चकमकीच्या बंदुकांचा हंगाम सुरू होतो. दुर्बिणी लावलेल्या बंदुका घेऊन आलेली शहराकडची माणसं तोवर हरणं मारून किंवा न मारता परत गेलेली असतात. मागे उरतात ती आमचीच माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. त्यांच्या हातात ठासणीच्या बंदुका असतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर चरबी लावलेली कापडाची चकती ठेवायची, चकतीवर शिशाची वाटोळी गोळी, आणि सगळं गजाने खाली ठासायचं. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, आणि नशीब असेल तर बार होतो. पुन्हा भरायला मिनिटभर लागतं. हरीण मिनिटभर थांबत नाही. म्हणून गोळी एकच, आणि ती कशी असावी यावर आमच्याकडची माणसं चर्चमधल्या प्रवचनापेक्षा जास्त वेळ बोलू शकतात.

वेल्डन क्लेक्नर मात्र त्यावर बोलत नसे. त्याच्या गोळ्या लिओटा ओतायची आणि त्या चांगल्याच असायच्या, विषय संपला. लग्नात तिने माहेराहून दोन गाद्या, एक शिवणयंत्र आणि वडिलांचा गोळ्यांचा साचा आणला होता. वडील नळकाम करत. शिसं त्यांच्या हातातलं. वेल्डन लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. अडतीस वर्षं त्याने तेच काम केलं. पट्टीच्या करवतीचे दोनशे दात, प्रत्येकाला तितकाच कोन, तितकेच कानशीचे फटके. अशा माणसाने तापलेल्या शिशाशी खेळून हात भाजून घेऊ नये म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात लिओटाने पळी आपल्याकडे घेतली. एकेचाळीस वर्षं ती तिच्याकडेच राहिली.

तिची रीत ठरलेली होती. वडिलांच्या कामातून काढलेले जुने पाण्याचे पाइप वितळवायचे, कारण ते शिसं मऊ. गोळी थंड झाली की अंगठ्याचं नख दाबून बघायचं. नखाची खूण उठली पाहिजे. मग चुलीच्या लोखंडी झाकणावर टाकायची. मऊ शिसं थप करून पडतं, भिजलेल्या मोज्यासारखं. ज्याचा आवाज टण्ण येतो ते शिसं हरणासाठी नाही. मऊ गोळी हरणाच्या अंगात शिरली की पसरते, चपटी होते, आणि जनावर पन्नास पावलांत खाली बसतं. कडक गोळी विणायच्या सुईसारखी आत जाते आणि तशीच राहते. जनावर मरतं, पण कुठेतरी लांब, एकटं, उशिरा.

हे तिला वडिलांनी शिकवलं होतं आणि तिने कधी मोडलं नव्हतं.

त्या वर्षी वडिलांचे पाइप संपत आले. चारच तुकडे उरले होते. जावई ट्रॉय टायरच्या दुकानात काम करतो. तो एका डब्यात शिशाच्या विटा घेऊन आला. "मॉम, हे घ्या. वितळवून गाळ काढून दिलंय. जन्मभर पुरेल."

"कुठलं शिसं?"

"शिसं म्हणजे शिसं. कुठलं असतं?"

चाकाचा तोल साधायला लावतात त्या पट्ट्यांचं ते होतं. त्यात दुसरे धातू मिसळलेले असतात. लिओटाला हे माहीत होतं असंही नाही, आणि अगदीच माहीत नव्हतं असंही नाही. तिने अर्ध्याला अर्धं मिसळलं. गोळ्या इतक्या सुरेख निघाल्या की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. मऊ शिशाच्या गोळ्या मळकट निघतात, त्यांच्यावर सुरकुत्या येतात, दहातल्या तीन परत भांड्यात टाकाव्या लागतात. या एकूण एक गुळगुळीत, नव्या नाण्यासारख्या. एकही परत टाकावी लागली नाही. त्या आनंदात तिने नख लावलं नाही. झाकणावरही टाकली नाही.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गोळ्या देखण्या निघाल्या," ती मला नंतर म्हणाली, "आणि मी भाळले. या वयात."

हंगामाच्या पहिल्या दिवशी वेल्डन अंगणात बंदूक भरत होता. नेहमी अंगठ्याने दाबली की जाणारी गोळी जाईना. त्याने लाकडी हातोडी मागितली.

"यंदा घट्ट बसतंय गं."

"कापड नवीन आहे," लिओटा खिडकीतून म्हणाली. "उशीच्या खोळीचं घेतलंय, जाड आहे. पुढच्या वेळी आणखी एकदा धुते."

"नाही, माझाच जोर कमी झालाय."

तिने खिडकी लावून घेतली. त्या वयात असली वाक्यं रोज ऐकू येतात.

तिसऱ्या दिवशी त्याने ओढ्याच्या वरच्या अंगाला एका हरिणीवर बार टाकला. चाळीस पावलांवरून. हरिणी उडी मारून पळाली. बर्फावर रक्ताचे चार-पाच थेंब, तेही शेंगदाण्याएवढे, आणि मग काहीच नाही. दुपारी बर्फाचं वादळ आलं आणि पावलांच्या खुणा गेल्या. वेल्डनने दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी ट्रॉयला बरोबर घेऊन शोधलं. आमच्याकडे जखमी जनावर सोडून येणाऱ्याला कुणी तोंडावर काही बोलत नाही. फक्त त्या माणसाशी हरणांविषयी बोलायचं बंद करतात. पण वेल्डनशी तसं वागायची वेळ कुणावर आलीच नाही. त्यानेच बोलणं बंद केलं. बंदूक साफ करून, तेल लावून, भिंतीवर टांगली.

"हात हलला," एवढंच त्याने लिओटाला सांगितलं. "मला जाणवलं नाही, पण हलला असणार."

त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती. थंडीत एकट्याने चार-चार तास झाडाखाली बसू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता तो आपणहून घरात बसला होता, चुलीजवळ, पायात लोकरी मोजे घालून. लिओटा भांडी घासताना मान वळवून बघे आणि तिला बरं वाटे. हे तिने माझ्यापासून लपवलं नाही. "खरं सांगते, मला बरंच वाटलं. हरिणी गेली ती गेली. नवरा घरात होता."

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ती रानलसूण काढायला ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली. वेल्डनने वरची बाजू धुंडाळली होती. खाली, ओढा ओलांडून, हेमलॉकच्या झाडांच्या दाटीत तो गेला नव्हता. तिथे हरिणीची हाडं पडलेली होती. कोल्ह्यांनी काम पूर्ण केलं होतं. लिओटा हाडांना घाबरणारी बाई नाही. तिने टोपली खाली ठेवली आणि काठीने बघितलं. डाव्या बरगडीत, पुढच्या पायाच्या बरोबर मागे, कंपासने काढावं तसं वाटोळं भोक होतं. ज्या जागी गोळी लागायला हवी, बरोबर त्याच जागी. आणि पलीकडच्या खांद्याच्या हाडात गोळी रुतलेली होती.

तिने ती सुरीने उकरून काढली. गोळी वाटोळीच होती. जरा काळी पडलेली, एका बाजूला किंचित दबलेली, पण वाटोळी. लिओटाने नख दाबलं. खूण उठली नाही. नखच मुडपलं.

टोपलीभर रानलसूण घेऊन ती घरी आली, बटाट्यांबरोबर डुकराच्या चरबीत परतली, आणि वेल्डनने दोनदा वाढून घेतली. गोळी तिच्या बटणांच्या डब्यात गेली.

ती तिथे आठ महिने राहिली.

सांगायचं असं ती रोज ठरवायची नाही. मधूनमधून ठरवायची. पण सांगितलं की तो डिसेंबरात पुन्हा झाडाखाली जाऊन बसणार, आणि एक दिवस ट्रॉय त्याला बर्फावरच्या घसरगाडीवर घालून आणणार, हे चित्र तिच्यासमोर यायचं. मग ती डब्याचं झाकण लावून टाकायची.

दरम्यान वेल्डनने एकेक गोष्ट सोडून द्यायला सुरुवात केली. मे महिन्यात मासेमारीचा दोरा ओवायला ट्रॉयला दिला. "माझा हात हलतो." जूनमध्ये शेजारच्या बाईची शिवणाची कात्री धार लावायला आली, ती त्याने तशीच परत पाठवली. ती कात्री माझी होती. ऑगस्टमध्ये गाडी चालवायचं सोडलं. सप्टेंबरमध्ये लाकडं फोडायला माणूस बोलावला. मी त्याचे हात नीट पाहिले होते. चर्चच्या जेवणात कॉफीचा काठोकाठ भरलेला कप घेऊन तो अख्खा हॉल ओलांडून गेला आणि बशीत थेंब सांडला नाही. पण तो कप खाली ठेवून तो म्हणाला, "आता कपसुद्धा धरवत नाही." आणि सगळ्यांनी मान हलवली. माणूस स्वतःबद्दल वाईट बोलला की लोकांना ते फार लवकर पटतं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला ट्रॉय आणि त्याची बायको, म्हणजे लिओटाची मुलगी, जोलीन आले. टर्कीच्या सांगाड्याभोवती सगळे बसलेले असताना ट्रॉयने खिशातून एक पाकीट काढलं.

"पॉप, हे बघा. आता कुणी वाटोळ्या गोळ्या वापरत नाही. ही लांबट आहे, तांब्याचं टोक, आणि खालून प्लास्टिकचं आवरण. दीडशे पावलांवर नेम."

वेल्डनने गोळी बोटांत धरून फिरवली. "हिला झबलं घातलंय."

"झबलं नाही, आवरण आहे ते."

"टोपडं पण घालायचं होतं. थंडी असते डिसेंबरात."

जोलीन हसली. बऱ्याच महिन्यांनी बाप असं काही बोलला होता.

"चेष्टा नको, पॉप. फरक पडतो."

"पडतो ना. तुझ्या नव्या बंदुकीत पडेल. या नळीच्या आतल्या खाचांचे पीळ लांब आहेत. तुझ्या लांबट गोळीला पुरती गिरकीच मिळायची नाही, ती दारुड्यासारखी डुलत जाईल. ही नळी वाटोळ्या गोळीसाठी बनवलीय. वाटोळ्या गोळीला पुढचं-मागचं नसतं." त्याने पाकीट ट्रॉयच्या ताटाजवळ ठेवलं. "पण तुझी तू ठरव. नाताळला ती बंदूक तुझीच होणार आहे."

 लिओटा जेवणानंतरचा भोपळ्याचा गोड पाई कापत होती. तिने त्याचे आठ जणांपुरते तुकडे केले. टेबलाशी चौघंच होते.

"पॉप, मी काही त्यासाठी नव्हतो म्हणत," ट्रॉय म्हणाला.

"माहितेय. माझ्या भिंतीवर राहून काय करायची? तिच्याकडे बघितलं की मला ती हरिणी दिसते."

नाताळला सहा दिवस उरले होते. दुपारी वेल्डनने बंदूक खाली काढली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती शेवटची पुसायला घेतली. बंदुकीची दारू ठेवायचं शिंग, गारगोट्या, गज, सगळं एका खोक्यात नीट लावलं.

"लिओटा, साचा पण दे. जोलीनला शिकव ओतायला."

लिओटाने साचा आणून ठेवला. मग ती शिवणाच्या कपाटाकडे गेली, बटणांचा डबा घेऊन आली, आणि सगळी बटणं टेबलावर ओतली.

"हे काय आता?"

तिने गोळी शोधून त्याच्यासमोर ठेवली. "नख लावून बघ."

त्याने लावलं. मग उठून चुलीच्या झाकणावर टाकली. टण्ण. गोळी उसळून जमिनीवर पडली आणि फ्रिजखाली गेली. तो वाकून, गज घालून, ती बाहेर काढत होता तोवर लिओटाने सगळं सांगितलं. ट्रॉयच्या विटा, देखण्या गोळ्या, बरगडीतलं भोक. ते कुठे होतं हे तिने स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवलं.

वेल्डन गुडघ्यांवरच बसून होता. "तिथे? नक्की तिथे?"

"बरोबर तिथे."

"म्हणजे हात हलला नव्हता."

"नाही."

"आणि गोळी घट्ट बसत होती ती—"

"कडक शिसं. कापडाचं काही नव्हतं. तुझ्या जोराचंही नव्हतं."

तो उठला. खुर्चीला धरून उठावं लागलं. "तुला कधी सापडली?"

"एप्रिलमध्ये."

त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं, जसं काही तिथे उरलेले महिने लिहिलेले असावेत. "मी गाडी सोडली ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "तू बाजूच्या सीटवर बसली होतीस."

"हो."

"काही बोलली नाहीस."

"तू घरात होतास, वेल्डन. जिवंत होतास."

"असा?" त्याने स्वतःचे दोन्ही हात तिच्यासमोर धरले. ते स्थिर होते. तीच तर त्याची तक्रार होती.

तो ओरडला नाही. लिओटा मला म्हणाली, ओरडला असता तर मी पण ओरडले असते, आणि मग आम्ही जेवलो असतो. तो कोट घालून शेडमध्ये गेला. तीन दिवस दोघांमध्ये मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं. चौथ्या दिवशी तळघरातून करवतीचा आवाज आला. ती खाली धावली. वेल्डन कपडे धुवायच्या, पायांवर उभ्या केलेल्या जुन्या मोरीखाली उताणा पडला होता आणि शिशाचा निचऱ्याचा पाइप कापत होता.

"अरे, मोरी चालू आहे ती!"

"होती. तुझ्या वडिलांनीच बसवली होती ना? मग शिसं चांगलंच असणार."

"मी कपडे कुठे पिळू?"

"वॉशिंग मशीन पिळतं. तीस वर्षं पिळतंय." मग कापता कापता, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, "ओतशील का, की मी ओतू?"

त्या दुपारी पडवीची खिडकी उघडी ठेवून तिने सोळा गोळ्या ओतल्या. मळकट, सुरकुतलेल्या. पाच परत भांड्यात टाकल्या. उरलेल्या अकरा तिने पीठ तोलायच्या काट्यावर एकेक करून पारखल्या. आणखी दोन हलक्या निघाल्या, म्हणजे आत पोकळी. नऊ राहिल्या. वेल्डन आला, खुर्ची ओढून बसला, आणि एकेक गोळी उचलून तिला नख लावू लागला.

एकेचाळीस वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. लिओटा पळी हातात धरून उभी राहिली. नऊच्या नऊ गोळ्यांवर नखाची चंद्रकोर उठली. नऊच्या नऊ त्याने झाकणावर टाकल्या. थप. थप. मग त्या चामड्याच्या पिशवीत भरल्या आणि बंदूक भिंतीवर परत टांगली. नाताळला ट्रॉयला लोकरी हातमोजे मिळाले.

हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात, एका करड्या सकाळी, तो ओढ्याकडे गेला. औषधाची डबी खिशात, थर्मास पाठीवर. लिओटाने जाऊ नको म्हटलं नाही. म्हणायचा हक्क आपण बटणांच्या डब्यात घालवला, असं तिला वाटत होतं. ती खिडकीशी बसून खोळीच्या कापडाच्या चकत्या कापत राहिली. गरज नव्हती, पन्नासएक आधीच कापलेल्या होत्या.

दहाच्या सुमारास एक बार ऐकू आला. चकमकीच्या बंदुकीचा आवाज दोन तुकड्यांत येतो, आधी फुस्स आणि मग धडाम. लांबून फक्त धडाम पोचतं. ती दुसऱ्या बारासाठी कान देऊन बसली. दुसरा बार म्हणजे पहिला फसला. आणि बराच वेळ काहीच नसणं म्हणजे आणखी काहीतरी. तिने कात्री खाली ठेवली. मला फोन केला आणि मी उचलल्यावर काहीच न बोलता ठेवून दिला. मी कोट घालून तिच्याकडे गेले.

आम्ही दोघी खिडकीशी उभ्या होतो तेव्हा वेल्डन कुरणाच्या टोकाला दिसला. सावकाश चालत होता, बंदूक खांद्याला. पडवीच्या पायऱ्यांशी येऊन थांबला. श्वास लागला होता.

"घसरगाडी घेऊन चल. मला एकट्याला ओढवणार नाही."

"किती लांब गेली?"

"पंचवीस पावलं."

आम्ही तिघांनी मिळून ती हरिणी घरी आणली. बहुतेक ओढणं आम्ही दोघींनी केलं. तो मध्येमध्ये थांबून छातीवर हात ठेवत होता आणि लिओटा तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. शेडमध्ये कातडं सोलताना पलीकडच्या बाजूला, कातड्याखाली, गोळी सापडली. मोठ्या बटणाएवढी चपटी झालेली, कडा फाटलेल्या पाकळ्यांसारख्या. वेल्डनने ती पुसून लिओटाच्या तळहातावर ठेवली. थँक्यू म्हणाला नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. फक्त तिचा हात जरा वेळ धरून ठेवला, आणि त्याचा हात हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. "ती कात्री अजून बोथट आहे का?"

याला चार वर्षं झाली. वेल्डन गाडी चालवतो, जरा जास्तच जोरात. लिओटा अजून गोळ्या ओतते. मोरीचा पाइप जपून वापरते. दर डिसेंबरात एका दुपारी पडवीची खिडकी उघडी दिसते, म्हणजे शिसं तापलंय. मी कधी गेले तर दोघं टेबलाशी असतात. ती गोळी तोलून त्याच्या बाजूला सरकवते. तो उचलतो, उजेडात धरतो, आणि अंगठ्याचं नख दाबतो. प्रत्येक गोळीला. एकही सोडत नाही.

मी एकदा तिला विचारलं, याचं तुला वाईट नाही का वाटत?

"वाटतं," लिओटा म्हणाली, आणि पुढची गोळी सरकवली.